धातूची कांती आणि घाटमाथ्यावरचा पाऊस

आषाढात लोणावळ्याच्या स्थानकावर उतरून जो मनुष्य भुशीच्या वाटेला लागतो, त्याला आर्द्रता या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अंगावर घेणाऱ्या, समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीच्या या माथ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग आकाशात राहत नाहीत, ते अंगणात येऊन बसतात. मिठाला पाणी सुटते, आगकाडी ओढली तर तिचा गुल पेट न घेता गळून पडतो, आणि महिनाभर न हलवलेल्या चामडी जोड्यावर हिरवट पांढरी बुरशी धरते. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, त्या काळात जी.आय.पी. रेल्वेने आपल्या वाफेच्या एंजिनांसाठी इंद्रायणीच्या ओघावर भुशीचे धरण बांधले ते याच पावसाच्या भरवशावर. आणि धरणाच्या शेजारीच, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी स्थापन झालेल्या ‘शिवाजी’ या नौदलाच्या संस्थेत, जहाजांच्या यंत्रविद्येचे शिक्षण आजतागायत चालू आहे. पाणी आणि धातू यांचे वैर ज्या विद्येत पहिल्या पाठापासून शिकावे लागते, ती विद्या या पावसाळी गावात नांदावी, यात मला एक औचित्य वाटत आले आहे.

याच भुशीत माझे एक स्नेही राहतात. उमेदीची सारी वर्षे नौदलाच्या यंत्रशाखेत घालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी येथेच घर केले, आणि बैठकीच्या खोलीत, पश्चिमेचा वारा ज्या भिंतीवर आपटत नाही अशा भिंतीशी, काचेचे एक कपाट ठेवले. त्यात एकास बहात्तर या प्रमाणातील विमानांच्या चाळीसएक प्रतिकृती आहेत. त्यांतील मधल्या फळीवरचे, जेमतेम वीतभर लांबीचे मिग-२१ हे या लेखाचे मूळ होय. त्याच्या नाकाचा शंकू हिरवा, शेपटीच्या टोकाची पट्टी हिरवी, आणि बाकीचा सारा देह उघड्या धातूचा दिसतो. तोही एकजिनसी रुपेरी नव्हे, तर एका पत्र्याला किंचित निळसर झाक, शेजारच्याला दुधी, आणि मागे, जेथे ज्वाला बाहेर पडते तेथे, तापून काळवंडलेल्या लोखंडाची. एकोणीस पावसाळे ते विमान त्या कपाटात उभे आहे आणि त्याची कांती अजून शाबूत आहे. त्याच्या देहावर संरक्षणासाठी म्हणून वार्निशाचा एकही हात दिलेला नाही.

स्नेह्यांनी ते विमान केले त्याच साली, तसल्याच पेटीतून काढून, मीही एक मिग केले होते. त्यावर मी वार्निशाचे दोन हात दिले, आणि पहिल्याच श्रावणात ते गेले. ज्याचे रक्षण केले ते गेले आणि ज्याचे केले नाही ते राहिले, ही गोष्ट मनाला इतकी लागून राहिली की पुढे जेव्हा जेव्हा भुशीला जाणे झाले तेव्हा तेव्हा मी या एकाच विषयाची तहकिकात करीत राहिलो. प्रस्तुत लेख ही त्या तहकिकातीची हकीकत आहे.

मुळात विमान रंगाविना उघड्या धातूचे का असावे, येथून आरंभ करणे इष्ट. शुद्ध ॲल्युमिनियम हलके खरे, पण मऊ. अल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६च्या सुमारास असे आढळले की त्यात थोडे तांबे व अल्प मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात विझवले, तर तो मिश्रधातू पुढल्या काही दिवसांत आपोआप कठीण होत जातो. हेच ड्युरॅलुमिन; धातूचे विमान शक्य झाले ते याच्यामुळे. परंतु ज्या तांब्याने त्याला बळ दिले त्याच तांब्याने त्याला गंजाचीही बाधा जडवली. शुद्ध ॲल्युमिनियमवर हवेच्या स्पर्शासरशी ऑक्साइडचे एक अतिसूक्ष्म, घट्ट पटल धरते आणि ते खालच्या धातूला झाकून ठेवते. मिश्रधातूवर मात्र ते पटल तितके विश्वासाचे नसते. यावर १९२०च्या दशकात अल्कोआ या अमेरिकन कंपनीने अशी तजवीज काढली की मजबूत मिश्रधातूच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटतानाच जोडून द्यावा. त्या पत्र्याला अल्क्लॅड हे नाव पडले. पातळ पत्र्यात हा थर एकेका बाजूस जाडीच्या सुमारे पाच टक्के असतो. म्हणजे मिलिमीटरभर पत्र्यावर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतका.

या माहितीत एक मर्म आहे, आणि ते मला फार उशिरा उमगले. ज्या कांतीकडे आपण सौंदर्य म्हणून पाहतो ती खऱ्या विमानावर मुळात बंदोबस्ताची योजना आहे. चकाकणारा थर हाच रक्षक थर आहे. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर मात्र चकाकी ही केवळ चकाकी असते, तिला स्वतःचे बळ नसते. मनुष्य खऱ्या विमानाची आठवण मनात धरून प्रतिकृतीवर चकाकी आणतो, तिचे दौर्बल्य पाहून घाबरतो, आणि घाबरून तिच्यावर पारदर्शक थर चढवतो. येथे चूक घडते.

आपल्याकडे या रुपेरी विमानांचा इतिहास लहान नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली आणि पुढच्याच वर्षी तेथे जोडलेले हार्लो जातीचे सर्वधातुमय शिकाऊ विमान उडाले. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ज्यांनी सांताक्रूझच्या धावपट्टीवर पाहिले असेल त्यांच्या डोळ्यांपुढून त्या झळाळत्या, माशासारख्या वळलेल्या देहाची आकृती हलली नसेल. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळले आणि त्यातील ४८ जीव गेले. १९५३ साली वायुदलात आलेली तुफानी विमाने, त्यामागून आलेली नॅट, आणि १९६३ साली दाखल झालेली मिग-२१ ही सारी पिढी रुपेरी वेशातच प्रथम दिसली. यांपैकी मिगशी महाराष्ट्राचे नाते अधिक जवळचे आहे, कारण त्यांच्या उत्पादनासाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला आणि मराठी कामगारांच्या हातून तो उघडा पत्रा रिव्हेट होऊन बाहेर पडला. पुढे १९७१च्या युद्धाच्या सुमारास त्यांतील अनेकांवर घाईघाईने हिरवा-तपकिरी छद्मरंग चढला, आणि रुपेरी मिग हा छायाचित्रांतला आणि कपाटांतला विषय झाला.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. जे रुपेरी दिसते ते सगळे उघडे धातूच असते असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या मस्टँग विमानाचा धडाचा भाग उघड्या ॲल्युमिनियमचा असला तरी पंखांचे सांधे हवा गुळगुळीत वाहावी म्हणून लांबीने भरून, घासून, त्यावर रुपेरी रंग मारलेला असे. प्रतिकृती करणाऱ्याने आधी आपल्या विमानाचे दफ्तर तपासावे. कारण जेथे मुळातच रंग होता तेथे रंगासारखी, थोडी मंद, एकसारखी रुपेरी छटा हीच खरी, आणि तेथे वर पारदर्शक थर दिला तरी सत्याला बाध येत नाही. बाध येतो तो उघड्या पत्र्याला.

उघडा पत्रा प्लॅस्टिकवर दाखवण्याचे मार्ग मुख्यतः दोन: खरा धातू चिकटवणे, अथवा धातूचा रंग देणे. वर्ख लावण्याची कला आपल्या लोकांना नवी नाही. देवाच्या मूर्तीपासून मिठाईपर्यंत ती आपण पाहिली आहे, आणि पहिला मार्ग हा त्याच कुळातला आहे. बाजारात मागे चिकट असलेले अतिपातळ ॲल्युमिनियम मिळते. ते न मिळाल्यास स्वयंपाकघरातले, पोळ्या गुंडाळण्याचे फॉइलही चालते, मात्र त्याला पातळ डिंक लावून, तो जरासा सुकून चिकट झाल्यावर, एकेका पत्र्याच्या मापाने कापून, बोथट लाकडी काडीने मधून कडेकडे दाबत न्यावे लागते. या फॉइलची जाडी साधारणपणे १५ मायक्रॉनच्या आसपास असते. तिला बहात्तरने गुणले तर एक मिलिमीटरहून किंचित अधिक भरते, म्हणजे विमानाच्या खऱ्या कातडीच्या जाडीचीच गोष्ट झाली. ज्या दिवशी मी हा हिशेब कागदावर मांडला त्या दिवशी पोळीच्या डब्यातील त्या कागदाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. शिवाय प्रत्येक तुकडा किंचित निराळ्या दिशेने लावला की फॉइल लाटताना उमटलेल्या रेषा निराळ्या कोनात पडतात आणि एका पत्र्याची झाक दुसऱ्याहून आपोआप भिन्न होते. खऱ्या विमानावरही हेच कारण आणि हाच परिणाम. घाटावर राहणाऱ्याने, ज्याच्या हाती वेळ आहे त्याने, फॉइलचाच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. खऱ्या धातूला चकाकी उसनी आणावी लागत नाही.

दुसरा मार्ग रंगाचा, आणि बहुसंख्य लोक त्यानेच जातात. या रंगांत ॲल्युमिनियमची भुकटी असते, पण ती वाळूसारखी गोल कणांची नव्हे, तर माशाच्या खवल्यांसारख्या चपट्या पापुद्र्यांची. रंग सुकताना हे पापुद्रे कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर आडवे निजले, तर सारा पृष्ठभाग आरशासारखा एका दिशेने प्रकाश परतवतो आणि डोळ्यांना धातू दिसतो. ते वेडेवाकडे उभे राहिले तर प्रकाश चहूकडे विखुरतो आणि डोळ्यांना राखाडी रंग दिसतो. धातू आणि राखाडी रंग यांतील सारे अंतर एवढेच आहे. अल्क्लॅडचेच नाव घेतलेली लॅकर, सुकल्यावर फडक्याने घासून उजळायची हंब्रोलची मेटलकोट, पाण्यात विरघळणारी वायेहोची मेटल कलर, तामिया कंपनीच्या डब्यातील एएस-१२ ही फवारणी, यांच्या प्रकृती भिन्न असल्या तरी तत्त्व हेच. त्यांत घासून उजळायचे रंग सर्वांत देखणे आणि सर्वांत नाजूक. तामियाची फवारणी आणि वायेहोचे रंग त्या मानाने अंगाने दणकट, वर चिकटपट्टी लावली तरी सहसा न सोलणारे.

आता माझ्या मिगची हकीकत. मी घासून उजळायचा रंग वापरला होता आणि तो इतका सुंदर साधला की बोटांचे ठसे उमटतील या भीतीने मला झोप येईना. श्रावणातला एक उघडिपीचा दिवस पाहून मी त्यावर चकचकीत वार्निश फवारले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात दिला. पहिल्या हातातच चकाकी विझली होती. धातूचा भास जाऊन, गंजलेल्या डब्याला मारतात तसा चंदेरी रंग उरला होता. दुसऱ्या हातानंतर, बाहेर पुन्हा धुके उतरले असता, पंखांवर दुधासारखा पांढरा ढग उमटला तो पुन्हा गेलाच नाही.

हे असे का झाले याचा उलगडा मला प्रथम कोणत्या ग्रंथातून झाला नाही. घरी लाकूडकामाला आलेल्या एका पॉलिशवाल्याने तो केला. कपाटाला पॉलिश करायला त्याला पावसाळ्यात बोलावले तेव्हा त्याने डबा उघडलाच नाही. “साहेब, या हवेत हात मारला तर पॉलिश पांढरं पडतं. दिवाळीनंतर बोलवा,” एवढे सांगून तो निघून गेला. आपल्या गावोगावच्या कारागिरांना ठाऊक असलेली ही गोष्ट मला, विमानांवरची परदेशी पुस्तके वाचणाऱ्याला, ठाऊक नव्हती. कारण असे: लॅकरातील एन.सी. थिनरासारखे द्रव झपाट्याने उडून जातात, उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतात, आणि हवा बाष्पाने भरलेली असली की तो थंडावलेला पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जाऊन त्यावर सूक्ष्म दव जमते. ते दव सुकत्या थरात अडकते आणि थर पांढरा दिसतो. हिवाळ्यातील कोरड्या दुपारी जे द्रव्य काचेसारखे स्वच्छ बसते तेच आषाढ-श्रावणात दह्यासारखे दिसते. सावकाश उडणारे थिनर मिसळून हा दोष कमी करता येतो, पण घाटमाथ्यावरील जुलैला कोणतेही थिनर पुरे पडत नाही.

चकाकी विझण्याचे कारण निराळे. घासून उजळलेले पापुद्रे थराच्या अगदी माथ्यावर, जवळपास उघडे, निजलेले असतात. वार्निशातील द्रव खालचा रंग भिजवून मऊ करतो, तेव्हा ते पापुद्रे हलतात, उचलले जातात, आडवे-तिडवे होतात; शिवाय धातूला हवा भिडते तेथे जे लख्ख प्रतिबिंब पडते ते वर थर आल्यावर दोन पृष्ठांत वाटले जाते. म्हणून धातूच्या रंगावरचे वार्निश त्या रंगाचे प्राण घेऊनच त्याचे रक्षण करते, असे मी म्हणतो, आणि हे विधान मी विचारपूर्वक करीत आहे.

फॉइलवर तर आणखी एक धोका संभवतो. दमट आणि खारट हवेत, पातळ पारदर्शक थराखालच्या ॲल्युमिनियमवर, एखाद्या ओरखड्यापासून किंवा कडेपासून निघून, अळीने पान कुरतडत जावे तशा बारीक धाग्यांसारख्या वेड्यावाकड्या रेषांनी गंज पसरत जातो. धातुशास्त्रात या रोगाला तंतुमय गंज म्हणतात आणि विमानांच्या देखभालीतही तो परिचित आहे. थर नसता तर ऑक्साइडच्या पटलाने आपले काम केले असते. थर दिला, तो कोठेतरी भंगला, आणि भंगलेल्या थराखाली ओल कोंडून राहिली.

मग स्नेह्यांचे मिग टिकले कशाने? याचे उत्तर त्यांनी मला एका बैठकीत दिले नाही, कारण त्यांच्या मते ते उत्तर ऐकण्याचे नसून पाहण्याचे आहे. मार्गशीर्षात, पाऊस विसरला गेल्यावर, त्यांचे काम सुरू होते आणि फाल्गुनाअखेर रंगाचे डबे बंद होतात. उन्हाळ्यात डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, आणि किरकोळ कामे, आणि पावसाळाभर केवळ वाचन, कोरणे, घासणे. ऋतूचा हा नियम शेतकऱ्याच्या नियमाइतका कडक आहे. प्लॅस्टिकचा देह ते पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने, खरखरीतापासून अतिबारकापर्यंत, इतका घासतात की नखाला सांधा लागू नये. कारण रंगाखालचा ओरखडा साध्या रंगात लपतो, धातूच्या रंगात मात्र दुप्पट होऊन वर येतो. त्यावर चकचकीत काळा थर. लोक तो एका रात्रीत सुकला असे मानतात. माझे स्नेही मात्र आठवडाभर त्याला झाकून ठेवतात आणि नाक जवळ नेऊन वास येत नाही अशी खात्री झाल्यावरच पुढे सरकतात. खालचा काळा थर कच्चा असेल तर वरचा धातू भेगाळतो, सोलतो, धुरकटतो. तो काचेसारखा पक्का असेल तर वरच्या पापुद्र्यांना निजायला सपाट पलंग मिळतो. मग धातूचा रंग, एअरब्रशचा दाब बारा ते पंधरा पौंडांवर ठेवून, इतक्या विरळ हातांनी की पहिले तीन हात तर काळ्यावर धुके पडल्यासारखे वाटावेत. “वरून कपडा घालून प्रकृती सुधारत नाही हो, हाडं आधी धड हवीत,” असे ते एकदा हात न थांबवता म्हणाले.

त्यांच्या हातात कापसाचे पांढरे मोजे असतात आणि विमान ते कधीच अंगाला धरून उचलत नाहीत. मिगच्या शेपटीकडील ज्वालामार्गात लाकडाची एक काडी घट्ट बसवलेली असते, आणि आरंभापासून अखेरपर्यंत विमान त्या काडीवरच फिरते. घामात मीठ असते, आम्ल असते, तेल असते. उजळलेल्या ॲल्युमिनियमवर उमटलेला बोटाचा ठसा आज पुसला तरी काही महिन्यांनी त्याच जागी मंद डाग होऊन उमटतो, ही गोष्ट भांडी घासणाऱ्या प्रत्येक गृहिणीला परिचयाची आहे. चिकटपट्टी लावण्यापूर्वी ती दोनदा कपड्यावर चिकटवून तिची ओढ कमी करायची, आणि काढताना वर न उचलता मागे, स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढायची. डिकलांची कडेची पारदर्शक झालर नक्षीच्या अगदी कडेपर्यंत छाटून टाकायची, म्हणजे ती रुपेरी पृष्ठभागावर चकाकत नाही. डिकल ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवायचे, म्हणजे नळाच्या पाण्याचे डाग राहत नाहीत. आणि वाळल्यावर बारीक कुंचल्याने केवळ त्या डिकलावर, त्याच्या कडेच्या आत, पारदर्शक थर द्यायचा. साऱ्या विमानावर वार्निश लागते ते एवढेच.

राहिला कपाटाचा सरंजाम. त्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळ्या केलेल्या, आणि एक आर्द्रतामापक, ज्याचा काटा पन्नासच्या पुढे फार सरकू द्यायचा नाही असा दंडक आहे. कपाट जुन्या सागवानाचे आहे. नव्या प्लायवूडच्या आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांतून निघणारी आम्ल वाफ बंद काचेआड धातूला लागते म्हणून ते त्यांनी टाळले. आपल्या घरांत, विशेषतः दमट प्रदेशात, कपाटात डांबरगोळ्या टाकण्याची रीत आहे. ती येथे घातक ठरते, कारण त्यांच्या वाफा पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकला मऊ करतात आणि रंगासकट विमान चिकट होऊन बसते. पिवळ्या दिव्याच्या ऊबेने कपाट कोरडे ठेवण्याची जुनी युक्ती ठीक आहे, पण दिवा पंखाजवळ असला तर पातळ पंख वाकतो. आणखी एक बाब चकाकीशी संबंधित नाही असे वाटते, पण आहे. विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिशाचे छर्रे भरतात आणि ते पांढऱ्या डिंकात बसवतात. काही वर्षांत त्या डिंकातील आम्लाने शिसे पांढऱ्या क्षारात रूपांतरित होऊन फुगते, आणि एके सकाळी चकाकते नाक सांध्यावर उकललेले दिसते. बाहेरून कितीही रक्षण केले तरी आतून आलेला हा हल्ला थांबत नाही. शिसे बसवायचे तर एपॉक्सीत बसवावे.

फारच काळजी वाटली तर एक मधला उपाय आहे आणि तो संग्रहालयांकडून आलेला आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात सिद्ध झालेले सूक्ष्मस्फटिकी मेण, जे रेनेसान्स वॅक्स या नावाने मिळते, ते धातूच्या प्राचीन वस्तूंवर जगभर वापरतात. फॉइल लावलेल्या विमानावर, मऊ फडक्याने, नखभर मेणाचा अदृश्य हात दिला तर चकाकी बव्हंशी जशीच्या तशी राहते आणि बोटांचा उपद्रव टळतो. त्यातील द्रावक काही रंगांना भिजवतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावे. वार्निश काढता येत नाही, मेण काढता येते. संग्रहालयातील माणसे जो उपाय मागे घेता येतो त्यालाच पसंती देतात, आणि या पसंतीमागे शतकांचा अनुभव आहे.

यंदा हिवाळ्यात मी गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदलाच्या विमानसंग्रहालयात गेलो होतो. १९९८ साली उघडलेल्या या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे विशाल विमान उघड्यावर उभे आहे. हे प्रथम एअर इंडियाकडे, मग वायुदलाकडे आणि शेवटी नौदलाकडे आले. ‘मलबार प्रिन्सेस’च्या कुळातील ते मोठे भावंड. समुद्राची खारी हवा तेथे बारा महिने वाहते, आणि अशा हवेत उघड्या धातूने राहणे एवढ्या मोठ्या देहाला परवडत नाही; त्याच्या अंगावर रंग आहे. पॉलिश करून ते झळाळते ठेवावे म्हटले तर प्रत्येक घासणीत तो शुद्ध ॲल्युमिनियमचा मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाचा थर झिजत जातो, आणि तो संपला की खालचा मिश्रधातू उघडा पडतो. अमेरिकन एअरलाइन्सने आपली विमाने कित्येक दशके पॉलिश करून झळकती ठेवली, पण पुढे विमानांचे देह धातूऐवजी संमिश्र द्रव्यांचे होऊ लागले, आणि २०१३ साली त्या कंपनीनेही रंगाचा वेश पत्करला. तात्पर्य, खरी रुपेरी विमाने आता दुर्मीळ होत जाणार, आणि त्यांची कांती जशी होती तशी पाहायची तर पुढील पिढ्यांना बऱ्याच अंशी या वीतभर प्रतिकृतींवर विसंबावे लागणार. म्हणूनच ती कांती राखाडी होऊ देऊ नये असा माझा आग्रह आहे. ती राखाडी झाली तर तो त्या विमानाविषयीचा चुकीचा दस्तऐवज ठरतो.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ची शेवटची तुकडी वायुदलातून निवृत्त झाली. त्यानंतर भुशीला गेलो तेव्हा स्नेह्यांनी कपाट उघडून ते विमान काडीवर उचलले आणि खिडकीच्या उजेडात, ढगांतून उतरणाऱ्या त्या करड्या उजेडात, हळूहळू फिरवले. बाहेर परतीचा पाऊस लागला होता. पंखावर एकही डाग नव्हता.

वाचकांपैकी कोणाच्या वडिलांनी, काकांनी, थोरल्या भावाने पूर्वी केलेली अशी रुपेरी विमाने माळ्यावर, खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून पडली असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. ती दिवाळीची साफसफाई चालू असता काढू नका. थंडीचे दोन कोरडे आठवडे जाऊ द्या. मग सुती मोजे घालून ती बाहेर काढा, मऊ कुंचल्याने धूळ झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका, नाकात शिसे फुगले आहे का ते पाहा, आणि सिलिका जेलची पुडी शेजारी ठेवून ती काचेत उभी करा. त्यांच्यावर वार्निश देऊ नका.